‘सांगत बसण्यापेक्षा मीच करून टाकते’

“सगळ्यांची कामं शेवटी मीच करते, आणि तरी वाटतं की मला हे जमत नाहीये.” नव्याने टीम लीड झालेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. त्यातलीच ही एक हकिकत. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकरा जणांच्या डिझाइन एजन्सीत ती सहा वर्षं होती. हातात कला, शब्दाला पक्की, म्हणून चार जणांची टीम तिच्याकडे आली. त्या चौघांत तिची जवळची मैत्रीणही होती. पाच महिन्यांत तिची झोप उडाली. पहिल्याच भेटीत म्हणाली, “मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे.”

म्हणजे काम जमत असूनही आपण त्या जागेच्या लायक नाही आणि कधीतरी उघडे पडू, अशी सतत वाटणारी भीती. हा शब्द हल्ली बरेच जण घरूनच घेऊन येतात. पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अवस्थेबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी ‘सिंड्रोम’ हा शब्द वापरलाच नव्हता. हा आजार नव्हे, हे मी तिला सांगितलं. तरी पहिल्या दोन भेटी मीही तिच्या आत्मविश्वासावरच घालवल्या, आणि तिथे माझं चुकलं. तिसऱ्या भेटीत मी साधा प्रश्न विचारला, “काल संध्याकाळपासून झोपेपर्यंत काय काय केलंत?”

सातला सगळे घरी गेले. अकरापर्यंत तिने स्वतःच्या क्लायंटचं काम संपवलं. मग टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलाने पाठवलेलं पोस्टर उघडलं. हेडिंग मोठं केलं, दोन रंग काढले, कडेने जागा सोडली आणि पावणेदोनला ‘फायनल’ म्हणून सेव्ह केलं.

“त्याला सांगितलंत?”

“नाही. वाईट वाटलं असतं त्याला.”

पण त्याला कळतच होतं. फाइल कुणी, किती वाजता बदलली ते फाइलवरच दिसतं. आठवड्यापूर्वी तो तिला म्हणाला होता, “तू तसंही बदलणारच आहेस ना?” तो आळशी आहे हे मला पटावं म्हणून तिने हे सांगितलं. मला मात्र त्यात हात टेकलेला मुलगा ऐकू आला.

काम देताना त्याला काय सांगितलं होतं, असं विचारल्यावर तिने फोनवरचा मेसेज दाखवला: “जरा हलकं ठेव, श्वास घेऊ दे त्याला.” याचा अर्थ मला समजावून सांगा, म्हटलं. ती सात-आठ मिनिटं बोलत होती. नजर आधी कुठे जायला हवी, अक्षरांचे दोनच प्रकार का, मजकूर कुठे थांबवायचा. बोलताना तिचा चेहरा उजळला होता. यातलं एक अक्षर त्या मुलापर्यंत पोचलं नव्हतं.

मग मी तिला मनातलं एखादं गाणं टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. तिने मन लावून वाजवलं, मला ओळखता आलं नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक. ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

पुढचं बोलणं अवघड होतं. रात्रीची ती दुरुस्ती नुसती क्लायंटसाठी नव्हती. दिवसभर लोकांचे प्रश्न सोडवून हाती काय आलं ते दिसत नाही, पोस्टर दिसतं. जे आपल्याला नक्की येतं, तिथे ती रात्री परत जात होती. हे उच्चारताना तिला रडू आलं. बढतीबरोबर आवडतं काम हातातून जातं, आणि त्याचं दुःख करायला कुणी जागाच देत नाही. पहिल्यांदा मॅनेजर झालेल्यांच्या बाबतीत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तिच्या संमतीने मी एजन्सीच्या मालकांनाही एकदा भेटले. “तिची कधी तक्रारच नसते,” ते म्हणाले. टाइमशीट बघायला मागितली. पद वाढलं होतं, पण तिच्या नावावरचं क्लायंटचं काम एका तासानेही कमी झालेलं नव्हतं. लहान एजन्सीत हे फार होतं. प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या नावावर लावायचा असतो. माणसाला शिकवण्यात गेलेल्या तासाला रकानाच नसतो. मालक भले होते. त्यांनी तिचा एक क्लायंट दुसऱ्याकडे दिला आणि टाइमशीटमध्ये ‘टीम’ असा रकाना घातला, आठवड्याला सहा तास. माझ्या चार भेटींपेक्षा त्या रकान्याचा उपयोग जास्त झाला, असं मी मनापासून मानते.

काम देतानाच निकष लिहून द्यायचे आणि डिझाइन कच्चं असतानाच एकत्र बसून बघायचं, असं तिने सुरू केलं. त्या बैठकीत माउस त्या मुलाच्याच हातात. सुरुवातीला तिला हात मांडीखाली दाबून बसावं लागे. एक लहानसं काम मात्र तिने स्वतःच्या हाताने करायला ठेवलं, आणि ते ठेवाच असं मीही म्हटलं.

मैत्रिणीचं तितकं जुळलं नाही. “आता तुझ्याकडे मोकळेपणाने बोलता येत नाही,” असं मैत्रीण म्हणाली, आणि ते खरंच होतं. सुट्टीचे अर्ज जिच्याकडे जातात, तिच्याजवळ ऑफिसबद्दलची चीडचीड कशी काढणार? दोघी आता क्वचितच एकत्र जेवतात.

शेवटच्या भेटीत तिने एक मीटिंग सांगितली. त्या मुलाने स्वतःचं पोस्टर स्वतःच क्लायंटला दाखवलं. क्लायंटने पिवळ्या रंगावर बोट ठेवलं. तिलाही तो आधीच खटकला होता, पण त्याने तो का घेतला हे तिला ठाऊक होतं. तिचा हात दोनदा माइकच्या बटणाकडे गेला. तोवर मुलाने बोलायला सुरुवात केली होती.