जानेवारीतलं ऊन पाहून कात्री चालवू नका

पुण्यात जानेवारीतच दुपारी घाम फुटायला लागला म्हणून थंडी संपली असं समजू नका. पहाटे अजून गारवा असतो. जास्वंद, कढीपत्ता आत्ता खोल छाटलात तर कोवळी फूट येते आणि याच हिवाळ्यातल्या उरलेल्या थंडीत ती आखडून बसते. सुकलेल्या काड्या तेवढ्या काढा.

मोगरा मात्र अपवाद. आठ-दहा दिवस पाणी तोडा, पानं गळायला लागली की फांद्या अर्ध्यावर छाटा, माती हलकीशी उकरून शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी द्या. पाणी तोडताना जीव खालीवर होतो, माझा अजूनही होतो! पण तेवढा ताण त्याला लागतोच.

वाळका पाला जाळू नका, कुंड्यांत दोन बोटं जाड पसरा, ओल टिकते. पसरण्याआधी जास्वंदीच्या शेंड्याखाली बघा. कापसासारखं पांढरं चिकटलेलं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. ती फांदी पिशवीत बांधून टाका, पाल्यात मिसळू नका. आणि पाणी? बोट मातीत खुपसून बघा, वर कोरडं दिसलं तरी खाली ओल असू शकते.