जांघेतलं गजकर्ण मलमाने जातं आणि आठवड्यात परत येतं, असं का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीला रोज दुचाकीवरून जाता, आठ महिन्यांपासून जांघेत आणि कमरेवर गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की तीन दिवसांत बरं वाटतं, थांबवलं की दुपटीने उठतं.

आधी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी तुम्ही स्टेरॉइड लावताय. नावांत गफलत होते, म्हणून सांगतो: ल्युलिकोनाझोल, केटोकोनाझोल अशी ‘कोनाझोल’वाली औषधं बुरशीवरची, क्लोबेटासोल ऐकायला त्यांच्यासारखंच, पण ते तीव्र स्टेरॉइड आहे. बाजारातल्या मिश्रणांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं असतं.

गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी. लाली आणि खाज येते ती शरीर बुरशीशी झुंजत असतं म्हणून. स्टेरॉइड ती झुंजच दाबतं. खाज बसते, चट्टा फिका पडतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम थांबलं की शरीर पुन्हा जागं होतं, तोवर ती पसरलेली असते. अशा वेळी गजकर्णाची ओळखीची गोल कडाही बिघडते. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं किंवा नुसताच लालसर पट्टा, आणि डॉक्टरही चकतात. जांघेतली कातडी मुळातच पातळ असते. तिथे महिनोन्‌महिने क्लोबेटासोल लावलं की चिरल्यासारख्या रेघा उमटतात. त्या फिकट होतात, पण पुसल्या जात नाहीत.

मलम बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज भडकेल. नेमके याच दिवसांत लोक जुन्या ट्यूबकडे वळतात, म्हणून हे आधीच माहीत असू द्या. रात्री खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. तिने झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. मात्र कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच कमी करा.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयातही त्वचा विभाग आहे. ट्यूबा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं बरोबर न्या. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ही साधी तपासणी जरूर मागा. साखरही तपासून घ्या.

गोळ्यांबद्दल: भारतात सध्या पसरलेल्या बुरशीच्या जातीला (२०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए हे नाव मिळालं) टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध बरेचदा पुरेसं लागू पडत नाही. म्हणून इट्राकोनाझोल दिलं जातं, साधारणपणे दिवसाला १०० ते २०० मि.ग्रॅ. त्याच्या कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायच्या. उपाशीपोटी किंवा पित्ताच्या गोळीसोबत घेतल्या तर औषध अंगी लागत नाही, आणि “गोळ्या घेऊनही फरक नाही” या तक्रारीचं हे एक मोठं कारण. हृदय कमजोर असेल, लिव्हरचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. स्वतःहून आणून खाऊ नका.

नुसतं बुरशीचं मलम लावताना लोक हमखास चुकतात. चट्टा जिथे दिसतो तिथेच थोपटतात. लावायचं कडेच्या बाहेर दोन सें.मी.पर्यंत. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली पट्टी म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तुमचे चट्टे चार तळव्यांएवढे असतील आणि मलम दोनदा लावायचं असेल, तर रोज दोन ग्रॅम लागेल, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपायला हवी. महिनाभर पुरली तर लावणंच कमी पडतंय. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. एकूण सहा ते आठ आठवडे धरून चाला, जास्तही लागू शकतात.

अंघोळीनंतर जांघ टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करा, घासू नका. करदोटा असेल तर काढा. त्यात ओल आणि कोंडा अडकून राहतो. जाड जीन्सऐवजी सैल सुती पँट बरी. चड्ड्या वेगळ्या बादलीत, ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि उलट्या करून उन्हात वाळवा. पुण्यात पावसाळ्यात दांडीवर कपडे दोन दिवस दमट राहतात, तेव्हा पंख्याखाली वाळवून शिवण आणि इलॅस्टिकवर इस्त्री फिरवा. लिंबू, लसूण, जंतुनाशक द्रव जांघेत लावू नका, कातडी भाजते.

घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्यांनाही त्याच भेटीत दाखवा. एकाचा कोर्स संपेपर्यंत दुसऱ्याचं गजकर्ण टॉवेलवरून परत येतं.