जुनी येझदी ६ व्होल्टवरून १२ वर नेताना नुसती बॅटरी बदलून चालेल का?

नाही चालणार. जुना रेग्युलेटर डायनामोला साधारण सात-साडेसात व्होल्टच्या वर जाऊच देत नाही, म्हणजे नवी बॅटरी चार्जच होणार नाही. डायनामो तोच ठेवा, त्याला चालणारा १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. बल्ब, हॉर्न, फ्लॅशरही बदला. इग्निशन कॉइल लोक हमखास विसरतात: ६ व्होल्टची कॉइल १२ वर तापते, सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात.

३५ वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो, १२ वर ३. म्हणून वायरिंग शाबूत असेल तर तेच पुरतं. अर्थिंगच्या जागी मात्र फ्रेमचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, निम्म्या तक्रारी तिथल्याच. बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज टाका. रेस दिल्यावर मल्टिमीटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आयडलिंगला चार्जिंग जवळपास नसतंच, तो बिघाड नव्हे.