गढूळ समुद्रात उजेड नीट पोहोचत नाही, तरी तिथं प्रवाळ जगतात कसे?

आम्ही खानापूरचे. समुद्राशी आमचा संबंध एवढाच की आमच्या जंगलात पडलेला पाऊस म्हादईतून गोव्यात उतरतो, तिथं मांडवी होतो आणि जाताना लाल माती घेऊन समुद्राला मिळतो. म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या गढूळपणात थोडी माती आमचीपण.

मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला उतरलो ते टीव्हीवरचे रंग बघायला. दिसला एक तपकिरी, ओबडधोबड गोळा. मला धोंडाच वाटला. गाइड म्हणाला, हेच प्रवाळ. जवळून बघितलं तर अंगभर टाचणीच्या डोक्याएवढे खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एकेक जीव.

तो तपकिरी रंग त्या जीवांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. शैवाल उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. उजेड घटला की ते आपलं हरितद्रव्य वाढवतं. आमच्या परड्यात फणसाखालच्या मिरचीची पानं उन्हातल्या मिरचीपेक्षा रुंद आणि काळपट हिरवी असतात की, तसंच. शिवाय खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा असतो. त्यावर आपटून परत फिरलेला उजेड शैवालाला दुसऱ्यांदा मिळतो.

खरं त्रांगडं आकाराचं. ताटासारखं पसरलं तर उजेड जास्त मिळतो, पण गाळही त्याच ताटात पडतो! म्हणून काही प्रवाळ नरसाळ्यासारखी वाढतात. गाळ मधे तळाशी साचतो, कड मोकळी राहते. काही अंगातून बुळबुळीत स्राव सोडतात, तो गाळाला गुंडाळतो आणि लाटेबरोबर साय निघावी तसा सुटून जातो. याला ताकद लागते, आणि ती उजेडाच्या टंचाईतच खर्चायची.

मग पोट भरायचं कसं? शिकार करून. रात्री बारीक स्पर्शक बाहेर काढून प्रवाळ पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. गढूळ पाण्यात हे खाणं मुबलक असतं. सगळ्या जातींना ते सारखं जमत नाही, त्यामुळं अशा किनाऱ्यावर ठरावीक जातीच टिकतात, त्याही वरच्या काही मीटरांतच.

एक फायदाही आहे. पाणी तापतं तेव्हा कडक उन्हानं प्रवाळ पांढरं पडायचा धोका वाढतो. गढूळ पाणी तिथं सावली धरतं. मात्र गाळाचा थर अंगावर बसूनच राहिला तर प्रवाळ गुदमरतं.

मालवणला जाणार असाल तर पाऊस संपल्यावर पाणी निवळू द्या, डिसेंबरात जा. आणि त्या धोंड्यावर पाय ठेवू नका. मी ठेवला होता.