लाल पॉपी, पांढरी पॉपी

प्रश्न : पहिल्या महायुद्धावरील एका कवितेच्या ॲनिमेशनपटात सारी रणभूमी राखाडी आहे, फक्त पॉपीची फुले लाल आहेत, शेवटी त्यांतले एक फूल पांढरे होते. असे का दाखवले असावे?

उत्तर : हा लाल रंग केवळ रक्ताची खूण म्हणून आलेला नाही. रानपॉपीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि माती उलथून उजेड लागला की रुजते. म्हणूनच तोफगोळ्यांनी उकरलेल्या बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात, ताज्या थडग्यांभोवती, ही फुले दाटून आली. (खसखस देणारी अफूची जात वेगळी.) रानपॉपीच्या चुरगळलेल्या कागदासारख्या चार पाकळ्या दिवसभरातच गळू लागतात, कोवळ्या वयात गेलेल्या सैनिकांसाठी याहून बोलके फूल मला सुचत नाही. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी १९१५ मध्ये ते कवितेत आणले, पण त्या कवितेचे शेवटचे कडवे लढा पुढे चालवण्याचे आवाहन करते. पांढरी पॉपी शांततेचे चिन्ह म्हणून १९३३ मध्ये ब्रिटनच्या सहकारी चळवळीतील स्त्रियांनी पुढे आणली. त्यांच्यापैकी अनेकींनी युद्धात नवरे, मुलगे, भाऊ गमावले होते. त्यांना मृतांचे स्मरण हवे होते, पुढचे युद्ध नको होते. चित्रपटातले पांढरे फूल मला त्याच नकाराची आठवण करून देते.