किनेज म्हणजे 'चालू' आणि फॉस्फटेज म्हणजे 'बंद', एवढंच का?

तुमचा प्रश्न असा: किनेज हे एन्झाइम प्रथिनाला फॉस्फेट लावून संदेश चालू करतं आणि फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम तो काढून बंद करतं, मग फॉस्फटेजचं काम फक्त पुसण्याचंच का?

नाही. एम.एस्सी.ला मीही हेच पाठ केलं होतं. पहिल्याच वेस्टर्न ब्लॉटने (पेशीतलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणाऱ्या चाचणीने) ते खोडून काढलं. पेशींना इन्सुलिन दिलं, दहा मिनिटांनी बर्फावर ठेवून पेशी फोडल्या. फॉस्फोरिलेटेड (फॉस्फेट लागलेल्या) एकेटीचा, म्हणजे इन्सुलिनचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाचा, ठळक बँड यायला हवा होता, पण फिल्म कोरी निघाली. एकूण एकेटीचा बँड मात्र जिथल्या तिथे. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, फॉस्फटेज अडवणारं सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट घालायचं मी विसरले होते. पेशी फुटली की किनेजला फॉस्फेट पुरवणारा एटीपी पातळ होतो, संपतो आणि किनेजचं काम थंडावतं. फॉस्फटेजला एटीपी लागतच नाही, ते पाण्याच्या रेणूने फॉस्फेट तोडतं. त्यामुळे ते शांतपणे काम करत राहिलं.

जिवंत पेशीतही ते असंच अखंड चालू असतं. कुठलंही हार्मोन न देता पेशींवर नुसतं परव्हॅनाडेट घाला, म्हणजे टायरोसिन या अमिनो आम्लावरचे फॉस्फेट काढणारी फॉस्फटेज अडवा. प्रथिनांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढलेले दिसतात. याचा अर्थ विश्रांतीतही किनेज थोडं थोडं लावतच असतात आणि फॉस्फटेज ते काढत असतात. संदेश म्हणजे या ओढाताणीतलं पारडं एका बाजूला झुकणं. ते कोणत्याही बाजूने झुकवता येतं, मला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

आता फॉस्फटेज संदेश 'चालू' कसं करतं ते पाहा. टी-पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशीत, कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्यूरिन नावाचं फॉस्फटेज जागं होतं आणि एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं. मोकळं झालेलं एनफॅट केंद्रकात शिरून टी-पेशींना वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-२ चं जनुक चालू करतं. किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस हे औषध देतात ते याच पायरीवर अडसर घालायला. इथे फॉस्फटेज थांबवलं की प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबतो!

माणसात किनेज पाचशेहून जास्त आहेत. सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर काम करणारी फॉस्फटेज त्या मानाने मूठभर. पण पीपी१ सारखं एकच फॉस्फटेज वेगवेगळ्या जोडीदार प्रथिनांना धरून वेगवेगळ्या जागी नेमकं काम करतं.

आणि इतिहासात आधी सापडलं तेही फॉस्फटेजच. जीवरसायनशास्त्रज्ञ कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात फॉस्फोरिलेजला (ग्लायकोजेन तोडणाऱ्या एन्झाइमला) निष्क्रिय करणारं 'पीआर' एन्झाइम मिळालं होतं, पण ते नेमकं काय काढतं हे कळलं नव्हतं. 1955 च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये फिशर आणि क्रेब्स यांनी स्नायूंचा अर्क फिल्टर पेपरने गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज केला, तर सक्रिय फॉस्फोरिलेज मिळेना. कागदातून उतरणारं कॅल्शियमच फॉस्फोरिलेजला फॉस्फेट लावून सक्रिय करणाऱ्या किनेजला जागं करत होतं! तिथून फॉस्फेट लावण्या-काढण्याचा उलगडा होत गेला, 1992 चं नोबेल त्याचंच. कोरींचं ते 'पीआर' एन्झाइम म्हणजे फॉस्फटेज होतं, हे त्यानंतर समजलं.