पुण्यातल्या बालेवाडी क्रीडासंकुलात नेमकं काय काय आहे? फक्त एक स्टेडियम आहे का?

नाही, एक स्टेडियम नाही. 'बालेवाडी स्टेडियम' हे लोकांच्या तोंडचं नाव. खरं नाव श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी त्याला नवं रूप मिळालं. ते राज्य सरकारच्या क्रीडा खात्याकडे आहे, महापालिकेकडे नाही.

हायवेवरून दिसतं ते मुख्य मैदान: मधे हिरवळ, भोवती धावण्याचा ट्रॅक. एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचे आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) सामने इथेच व्हायचे. फुटबॉलसाठी मला ते कधी आवडलं नाही, ट्रॅकमुळे खेळाडू फार लांब दिसतात. अ‍ॅथलेटिक्सला मात्र झकास. २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा इथे झाली, विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण मिळवलं. खरं तर ती स्पर्धा चेन्नईत व्हायची होती. पुढे २०१८ मध्ये एटीपी टेनिसही (पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा) चेन्नईहूनच इकडे आलं, महाराष्ट्र ओपन या नावाने. चेन्नईकरांनी आपल्यावर रागच धरायला हवा! त्या वर्षी फ्रान्सचा जिल सिमोन जिंकला. टेनिसचं स्टेडियम वेगळं आहे, मुख्य मैदानात शोधत बसू नका.

याशिवाय जलतरण तलाव, नेमबाजीची रेंज, कुस्तीचा हॉल, सायकलिंगचा वेलोड्रोम आहे. प्रो कबड्डीचे सामने बॅडमिंटन हॉलमध्ये झालेत, त्यामुळे तिकिटावर हॉलचं नाव वाचूनच निघा. आणि रिक्षावाल्याला नुसतं 'बालेवाडी' सांगू नका, तो बालेवाडी हायस्ट्रीटला, हॉटेलं-दुकानांच्या भागात, नेऊन सोडेल.